ठकूची धायटी

फार फार वर्षं झाली या गोष्टीला, पण सांगताना माझं डोकं अजून तापतं.

धायटी म्हणजे डोंगरउतारावरचं साधं झुडूप. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला लाल फुलं येतात. ती वाळवून दिली की बाळंतिणीचं रक्त थांबतं, हे वाघदऱ्यात एकट्या ठकू सुईणीला ठाऊक होतं. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तरी कुणाच्याही दारी गेली की तिला उंबऱ्याबाहेर "थांब" म्हणायचे. पाणी शिंपडायचे, मुहूर्त बघायचे, मग आत घ्यायचे. लाज नव्हती कुणाला!

पाटलाच्या सुनेच्या वेळी ठकू अशीच दुपारभर बाहेर बसली. आतला आक्रोश ऐकत बसली. मुहूर्त लागेपर्यंत मूल गेलं. आणि दोष कुणाला? ठकूच्या धायटीला! पाटलानं डोंगर पेटवला. माथ्यावर एकच झुडूप उरलं. मग भर चावडीत तो म्हणाला, "जितवर तुजी धायटी, तितवर तू. म्होरं पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन." ज्यांची नाळ तिनं कापली होती, तेही खाली मान घालून बसले.

ठकू माथ्यावर झोपडीत राहिली. पण जळल्या जमिनीत धायटी दुप्पट जोरानं उठली. दरसाल ती खाली उतरायची, आणि तिच्यामागून ठकू. इकडे गावात तीन बाळंतिणी सुईणीवाचून गेल्या. ठकू शेवटच्या झुडपापाशी उभी राहून गावाकडे बघायची आणि रडायची.

पाचव्या वर्षी पाटलाची सून पुन्हा अडली. सकाळी पाटील बाहेर आला, तर अंगणभर लाल फुलं! धायटी ओढा ओलांडून आली होती, असं म्हणतात. उंबऱ्याच्या आतही, बाळंतिणीच्या खोलीपाशी, सारवलेली जमीन फोडून एक फांदी वर आली होती. आणि अंगणात ठकू उभी.

पाटलानं कुऱ्हाड उचलली. पाटलीणबाईंनी त्याचा हात धरला. "तुमचाच शबुद हाय न्हवं? आता बाजूला व्हा. पोर मरतीया आत."

ठकू पुढच्या दारानं आत गेली. मायलेकरू दोन्ही वाचली.

त्या पाटलाचं नाव आमच्यात कुणी घेत नाही, मीही घेतलेलं नाही. धायटी मात्र आता पलीकडच्या खोऱ्यातही पोचली आहे. वाघदऱ्यात तिच्यावर कोयता चालवत नाहीत; वाटेत आली तर वाट वळवतात. बाळंतपण जवळ आलं की दारात तिची फांदी रोवतात. मग सुईण येवो की दवाखान्यातली नर्स, उंबऱ्यापाशी तिला कुणीही "थांब" म्हणत नाही.