अर्धी टोपली कुरडया

एका नदीकाठच्या गावात एक कुंभारीण आणि एक माळीण राहत होत्या. दोघींची घरे समोरासमोर होती. वीस वर्षांत कुंभारणीच्या घरची एकही गोष्ट माळणीपासून लपली नव्हती.

कुंभारणीच्या लेकीचे लग्न ठरले. एके दिवशी घाटावर कपडे धुताना बायकांची थट्टा रंगली, तेव्हा माळीण बोलून गेली, "अगं, हिच्या लेकीनं तर बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांच्या शिऱ्यात साखरेऐवजी मीठ घातलं होतं!"

ही गोष्ट कुंभारणीने तिला एकटीलाच सांगितली होती. सगळ्या बायका पोट धरून हसल्या. कुंभारीण हसली नाही. त्या दिवसापासून तिने माळणीशी अबोला धरला.

'एवढ्याशा गमतीचा एवढा राग?' असे म्हणत माळीणही गप्प बसली.

पंधरा दिवस गेले. रुखवतासाठी कुरडया करायच्या होत्या. गहू भिजवून, वाटून चीक काढून झाला होता. आता तो शिजवायचा होता. एकीने उकळत्या पाण्यात चीक ओतायचा आणि दुसरीने तो न थांबता हाटायचा. वीस वर्षे हे काम दोघी मिळून करत आल्या होत्या, म्हणून माळीण न बोलावताच आली.

पण बोलणार कोण? चुलीपाशी मांजर बसले होते.

"मने, त्या बाईला सांग, हळू ओत म्हणावं," कुंभारीण म्हणाली.

"मने, तिला सांग, मी काही आज पहिल्यांदा ओतत नाही!"

मांजर कंटाळून निघून गेले. इतक्यात धूर कुंभारणीच्या डोळ्यांत गेला आणि तिचा हात थांबला. 'थांब' म्हणायला हवे होते, पण ती म्हणाली नाही. 'ओतू का?' असे माळणीनेही विचारले नाही. ती ओतत राहिली. बघता बघता पातेल्यात आवळ्याएवढ्या गुठळ्या झाल्या. सोऱ्यातून एक धड कुरडई पडेना.

अर्धा चीक वाया गेला. उरलेला संध्याकाळपर्यंत आंबला असता. दुसऱ्या शेजारणीला हाक मारावी, असे कुंभारणीच्या मनात आले. ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"शिऱ्याची गोष्ट तू चारचौघींत सांगितलीस. माझी पोर दोन दिवस जेवली नाही."

माळणीच्या हातातले भांडे खाली आले. "अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुला कळायला नको?"

"कसं कळणार? तू पाठ फिरवून बसलीस. मला वाटलं, लेक मोठ्या घरी चालली म्हणून ही ताठली!"

मग माळीण म्हणाली, "माझं चुकलं. तुझ्या घरातली गोष्ट माझ्या तोंडून बाहेर जायला नको होती." ती उठून आत गेली आणि लेकीलाही तेच म्हणाली.

लेक म्हणाली, "मावशी, आता तुमची एखादी फजिती सांगा, म्हणजे फिटंफाट."

"माझी? लग्नात मी नवऱ्याऐवजी दिराच्या गळ्यात माळ घालायला निघाले होते. पण हे घाटावर सांगायचं नाही हं!"

तिघी हसल्या. पुन्हा पाणी उकळले.

"ओत!"

"हात चालव की गं!"

"थांब, थांब! हं, आता ओत!"

आवाज पार तीन घरांपलीकडे जात होता. चीक मऊ, चकचकीत शिजला आणि ऊन कलण्याआधी अंगणभर पांढऱ्याशुभ्र कुरडया पडल्या.

लग्नात विहीणबाई रुखवत पाहत म्हणाल्या, "कुरडया सुरेख झाल्यात हो! पण टोपली अर्धीच कशी?"

कुंभारणीने माळणीकडे पाहिले. दोघींना हसू आवरेना.

"अर्ध्या आमच्या अबोल्यानं खाल्ल्या," माळीण म्हणाली.

तात्पर्य: मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेले चारचौघींत हसण्यासाठी सांगू नये, आणि तिचे बोलणे लागलेच, तर कुठे लागले ते वेळेवर तिलाच सांगावे.