गादीवरचं पीस

एकदा काय झालं, रणधवल राजाच्या महालात भरदुपारी किंकाळी उठली. ती होती सगुणा दाईची. बिचारी नुसती पाणी प्यायला उठली होती, बरं का. परत येऊन बघते तर गादी रिकामी. दुपट्यावर बाळ नाही. बाळाच्या जागी करंगळीएवढं एक पीस.

राणी मृगावती धावत आली आणि गादी बघून मटकन खाली बसली. राजा आला, तो दारातच थिजला. शेवंता त्यांची एकुलती एक लेक. अजून रांगतही नव्हती. ठेवलं तिथंच बसायची.

मग राजानं पीस उचललं. सावलीत ते करडं दिसलं. खिडकीपाशी नेलं, तर हिरवं झालं. जरा कललं, तर जांभळं. जोशीबुवांना बोलावलं, तर त्यांना घामच फुटला.

"महाराज, हा मायावी गरुड," ते कसंबसं म्हणाले. "सात डोंगरांपलीकडचा. त्यानंच बाळ उचललं."

राजा म्हणाला, "एकही पाखरू जिवंत सोडू नका." मग तिरंदाज धनुष्यं घेऊन निघाले.

राणी मात्र पीस घेऊन बागेत गेली. तेव्हा पाखरं बोलायची, बरं का. तिनं मोराला विचारलं, "हे तुझं का?"

मोर म्हणाला, "माझी मान निळी. ही करडी लव माझी नाही."

मग पोपटाला विचारलं. तो म्हणाला, "मी उन्हातही हिरवा आणि सावलीतही हिरवा. असे रंग मी बदलत नाही."

महालाच्या वळचणीला एक पारवा बसला होता. रोजचाच, धान्य टिपणारा. त्यानं मान फिरवली, आणि त्या करड्या मानेवर हिरवा रंग चमकला, मग जांभळा. राणी बघतच राहिली. तिनं पीस त्याच्या मानेशी धरलं. तंतोतंत तेच.

"माझंच आहे," पारवा म्हणाला.

राणीनं विचारलं, "माझं बाळ तू नेलंस?"

"मी? घरट्याला काडी नेताना माझा जीव जातो. गादीपाशी दाणे टिपत होतो. तुझ्या लेकीनं माझी मान धरली. मी निसटलो, तर ती माझ्यामागं आली."

"आली? कशी आली?"

"गुडघ्यांवर. कोठारापर्यंत आली."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"मला कोण विचारतंय? सगळे गरुड शोधत होते."

राणी कोठाराकडे पळत सुटली. तिथं काय दिसावं? आत पंखांची फडफड चालली होती, आणि राजा दाराच्या अंधारावर बाण रोखून उभा होता. मागं सगळे तिरंदाज.

राणी धावत जाऊन बाणासमोर उभी राहिली.

"बाजूला हो," राजा म्हणाला. "गरुड आत आहे."

"पारवे आहेत, महाराज. हे पीस पारव्याचं आहे. पारवा बाळ उचलतो का?"

"मग बाळ कुठं आहे?"

तेवढ्यात आतून खुदकन हसू आलं. राजानं धनुष्य खाली केलं. बाण पायाशी पडला. राणीनं दार ढकललं. ज्वारीच्या ढिगात शेवंता बसली होती. केसांत ज्वारी, मुठीत ज्वारी, भोवती पारवेच पारवे. तिनं बापाला बघितलं, हात टेकले आणि रांगत रांगत थेट त्याच्या पायाशी आली.

राजा तिथंच खाली बसला. आपण कुठं बाण रोखला होता, हे त्याला आत्ता कळलं. त्यानं लेकीला पोटाशी धरलं. तिच्या केसांतली ज्वारी झटकत त्यानं विचारलं, "हिला रांगता कधीपासून येतं?"

राणी म्हणाली, "आजपासून."

मग राजानं सगळी धनुष्यं उतरवायला लावली. शेवंता मोठी झाली, पारवे कोठारात घुमत राहिले, आणि सगळ्यांचं छान चाललं. चला, आता पांघरूण ओढा आणि कुशीवर वळा. दिवा मी मालवते.