तेविसावा पोचा

एकदा एका विमानाला पोचा पडला. आकाशात नव्हे, चांगलं जमिनीवर उभं असताना. विमानांची तपासणी जिथे होते त्या भल्यामोठ्या हँगरमध्ये वृषाली नावाची एक शिकाऊ तंत्रज्ञ चाकांची लोखंडी शिडी ढकलत होती. शिडी लावून झाल्यावर ब्रेक लावायला ती विसरली. शिडी हळूच घरंगळली आणि मागच्या सामानाच्या दाराजवळ विमानाला टेकली. आवाजही फारसा झाला नाही, पण पत्र्याला वाटीएवढा पोचा आला.

कोणी पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात तिचे गुरू तिला शिफारसपत्र देणार होते. ते मिळालं की परवान्याच्या परीक्षेला बसता येणार होतं. चार वर्षांची मेहनत एवढ्याशा खळग्यात जाणार होती. मग घाबरलेली हुशार माणसं जे करतात तेच तिने केलं. हुशारी पणाला लावली. पोच्यात लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरली, घासून सपाट केली, वर रंगाचा हात दिला. काम इतकं बेमालूम झालं की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

ते कौतुक तासभर टिकलं. पोच्याच्या तळाशी कधीकधी केसाएवढी चीर असते, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. विमान वर गेलं की आत हवेचा दाब भरतो, खाली आलं की उतरतो; प्रत्येक उड्डाणात पत्रा छातीसारखा फुगतो आणि बसतो. चीर असेल तर ती दर खेपेला थोडी पुढे सरकते. आणि हिने तर चीर आहे की नाही हे न बघताच वर लांबी थापली होती. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी डबाही तसाच राहिला.

तिच्या वृद्ध गुरूंना सगळे मेढेकरकाका म्हणत. विमान उड्डाणासाठी सोडण्यापूर्वी ते हातमोजा काढत आणि उघडा तळवा पत्र्यावरून फिरवत विमानाभोवती एक फेरी घालत. काखेत जाडजूड फाइल असे. तिच्यात विमानाचं चित्र होतं आणि त्यावर आजवरच्या प्रत्येक पोच्याची खूण होती. क्रमांक, खोली, तारीख, सही. या विमानाचे बावीस पोचे नोंदलेले होते. काकांचा हात एकेका पोच्याशी क्षणभर थांबे, मग पुढे जाई.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला विमान प्रवासी घेऊन निघणार होतं. काकांची फेरी सुरू झाली. वृषाली मागे मागे चालत होती. सामानाचं दार आलं. काकांचा तळवा त्या जागेवरून गेला आणि न थांबता पुढे सरकला.

सुटले, असं तिला वाटलं. पुढच्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं. काकांचा हात कधी फसला नव्हता, तो आज तिने फसवला होता.

काकांनी फाइल उघडून पेनाचं टोपण काढलं.

“काका, सही करू नका.”

“का गं?”

“मागच्या दाराशी पोचा आहे. परवा माझ्या शिडीने पडला. मी लांबी भरलीय.”

“खाली चीर आहे?”

“बघितलं नाही,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

काकांनी टोपण लावलं, उड्डाणं ठरवणाऱ्या कचेरीला फोन लावला. “विमान तीनला मिळणार नाही. कधी मिळेल ते तपासून सांगतो.” पलीकडचा आरडाओरडा त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि फोन ठेवला.

लांबी खरवडली गेली. चिरेत मुरून ती दाखवणारा लाल द्रव लावून, पुसून, भिंगातून पत्रा पाहिला गेला. खोली तीनदा मोजली. चीर नव्हती. खोली नियमात बसत होती, मर्यादेच्या निम्मीसुद्धा नव्हती. वृषाली तिथेच जमिनीवर बसली. दोन दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला केला होता.

“आता नीट भरते, काका. नोंद करून.”

“भरायचं नाही. गंज धरू नये म्हणून प्रायमरचा एक हात दे. पोचा दिसू दे.”

“एवढं विद्रूप? प्रवासी काय म्हणतील?”

काका हसले. “अगं, बावीस पोच्यांच्या विमानावर मी सही करतो, ती ते कुठे आहेत आणि केवढे आहेत हे मला ठाऊक असतं म्हणून. हा उद्या वाढला तर कळायला तो आधी दिसायला हवा ना? तू वाईट काम केलं असतंस तर माझ्या हाताला लागलं असतं. तू इतकं सुंदर काम केलंस की एकतीस वर्षांचा हात फसला. मला भीती त्या सुंदर कामाची वाटते.”

त्यांनी फाइलमधल्या नवव्या खुणेवर बोट ठेवलं. सही त्यांचीच होती. “बारा वर्षांपूर्वीचा. मीही शिडीचा ब्रेक विसरलो होतो.”

वृषालीने चित्रावर तेविसावी खूण केली, खाली आपलं नाव लिहिलं. चुकीच्या दुरुस्तीचा अहवालही तिने स्वतःच लिहून दिला.

“आणि शिफारसपत्र?” तिने चाचरत विचारलं.

“या आठवड्यात नाही. तीन महिन्यांनी बघू.”

तिला वाईट वाटलं. पण हे वाईट वाटणं सोसण्यासारखं होतं.

काकांनी फेरी पुन्हा पहिल्यापासून घातली. मागच्या दाराशी त्यांचा तळवा थांबला. त्यांनी मान डोलावली, पुढे गेले आणि मग सही केली.

साडेपाचला विमान उडालं. हँगरच्या दारात उभ्या उभ्या वृषालीने डबा उघडला आणि सकाळची गार पोळी, मुगाची उसळ, सगळं संपवलं.

आपले पोचे कुठे आहेत हे निदान एका माणसाला दाखवून ठेवावं, आणि मग खुशाल उडावं.