गजमलच्या गोचिडी

राजा भूपालसेनाचा लाडका बैल गजमल तापानं फणफणला आणि त्याचा राखणदार धाकलू वैद्यांकडे धावला. बैलाच्या अंगावर बोट ठेवायला जागा नव्हती, इतक्या गोचिडी. लघवीसुद्धा लाल व्हायला लागली होती. वैद्यांनी काढा दिला आणि सांगितलं, "गोचिडी निघाल्याशिवाय गुण यायचा नाही."

पण माझ्या अंगाला किंवा माझ्या बैलाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा महाराजांचा हुकूम होता.

"मग महाराजांनीच काढाव्यात," धाकलू चाचरत म्हणाला.

"शी! त्या टम्म फुगलेल्या किड्यांना मी हात लावू? उद्या संध्याकाळपर्यंत एकही गोचीड दिसता कामा नये आणि कुणाचा हातही लागता कामा नये. नाहीतर तू हद्दपार!"

धाकलूची लेक येसू पुढे झाली. "बैल वेशीबाहेर चरायला नेला तर चालेल?"

"ने. पण मी पाहत बसणार."

आता, आरवण्यानं पहाटेची झोप मोडते म्हणून महाराजांनी गावातले कोंबडे आणि त्यांच्यासोबत साऱ्या कोंबड्या वेशीबाहेर हाकलल्या होत्या. गोठ्यातल्या गोचिडी टिपायच्या त्या याच. त्या गेल्या आणि गोचिडींचं फावलं. हे महाराज सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी येसू चाऱ्याची पाटी घेऊन पुढे आणि बैल तिच्यामागे. वेशीबाहेर जाऊन तो गवतात बसला. कोंबड्या धावल्या. कुणी पाठीवर चढली, कुणी कानात डोकावली. संध्याकाळपर्यंत गजमल स्वच्छ झाला आणि रवंथ करू लागला.

"एकही उरली नाही," महाराज चकित होऊन म्हणाले.

"एक उरलीय, महाराज. तुमच्या मानेवर," येसू म्हणाली. दिवसभर महाराज त्याच गवतात बसले होते.

महाराज ताडकन उठले. "काढा! कुणीतरी काढा!"

महाराजांसोबत आलेले प्रधान धावले. येसूनं त्यांना अडवलं. "राजाच्या अंगाला हात लावायची मनाई आहे ना?"

महाराजांना स्वतःचा हात मानेपर्यंत नेण्याचं धाडस होईना. शेवटी येसूनं एक कोंबडी उचलून राजाच्या खांद्यावर ठेवली. टच्! एका चोचीत काम झालं.

महाराज आधी किंचाळले, मग खो खो हसू लागले. "माग, काय हवं ते."

"माझ्या बापाला गावात राहू द्या. आणि कोंबड्यांनाही."

"आणि पहाटे कोंबडा आरवला तर?"

"तर उठायचं, महाराज. आम्ही उठतोच की."

महाराज पुन्हा हसत सुटले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं येसूला दिलं आणि कोंबडीपुढे स्वतःच्या हातानं मूठभर जोंधळे टाकले.