बाळकृष्णाचा मुकुट

भक्तहो, त्या साली केदारगिरी महाराज वेळूखेडला होते. गोपाळकृष्णाच्या देवळासमोर चिंचेखाली धुनी पेटवून बसायचे आणि पोरांत पोर होऊन विटीदांडू खेळायचे! गावात एक चाल होती. गोकुळअष्टमीच्या काल्याला देवाचा मखमली मुकुट उतरवून गावातल्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर घटकाभर ठेवायचा. मुकुट डोक्याला लागला की पोराला वर्षभर काही बाधत नाही, अशी साऱ्यांची श्रद्धा.

पण त्या साली काला झाला आणि घरोघर पोरांच्या डोक्यांत खवडे उठले! गोल गोल चट्टे पडले, केसांचे पुंजके हातात येऊ लागले. गिरजा कुंभारणीची ठकी उघड्या डोक्यानं हिंडायची, म्हणून तिचंच आधी नजरेत आलं. झालं! देवळाचे कारभारी गुणाजीराव माणसं घेऊन गिरजेच्या दारात गरजले, "तुझ्या कार्टीनं देवाचा मुकुट बाटवला! दिवस मावळायच्या आत गाव सोड."

गिरजेनं पदर पसरला. "दादासाहेब, असली पोर घेऊन कोणाच्या दारात उभी राहू? माझ्या महाराजांना तरी विचारा!"

"कोण, तो राखफाश्या? त्याला स्वतःच्या जटा विंचरता येईनात, तो तुझ्या पोरीचं डोकं बरं करणार होय!" गुणाजीराव खदखदून हसले, तशी बरोबरची माणसंही हसली.

काय करणार बिचारी! तिनं मडकी, वाकळा गाढवावर लादल्या आणि ठकीला पदराखाली घेऊन निघाली. देवळापाशी मात्र तिला हुंदका आवरेना. "महाराज, आता तुम्हीच हो!" तिनं टाहो फोडला.

आणि महाराज धावत आले! त्यांनी ठकीला कडेवर घेतलं आणि त्या पू वाहत्या डोक्याचा मुका घेतला. लोकांनी नाकाला पदर लावले.

महाराज म्हणाले, "अरे, एकाच्या डोक्यावरचं दुसऱ्याच्या डोक्यावर तुम्हीच फिरवलंत. पोरीचा काय दोष?" ते तडक गाभाऱ्यात गेले, मुकुट घेऊन बाहेर आले आणि तो स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "बाळकृष्णा, लेकरांचं सगळं इकडं दे!"

काय सांगावं, भक्तहो! ठकीच्या डोक्यावरच्या खपल्या भराभर गळाल्या आणि खाली कोवळी काळी लव दिसू लागली. "आई, खाज थांबली!" "माझीपण!" गर्दीत पोरं नाचू लागली. आणि महाराजांच्या जटांतून रक्ताचा ओघळ कपाळावर आला. साऱ्या गावाचे खवडे त्यांनी अंगावर घेतले होते! हसत हसत त्यांनी तो मुकुट काढला आणि धुनीत टाकला.

"देवाचा मुकुट जाळलास?" गुणाजीरावांनी काठी उगारली. तेवढ्यात त्यांची सून नातवाला घेऊन धापा टाकत आली. "मामंजी, आपल्या बाळूचं डोकं बघा! सगळं साफ झालं हो!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. बाळूला कधी खवडे झाले होते?

गुणाजीरावांच्या हातातली काठी गळून पडली. त्यांनी पगडी उतरवून महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. "महाराज, काल्याच्या आधीपासूनच त्याला खवडे होते. मी टोपी घालून घरात लपवला आणि मानाचा म्हणून मुकुटही पहिल्यांदा त्यालाच, कोणी बघायच्या आत गाभाऱ्यात घातला. आळ मात्र या गरिबाच्या पोरीवर घेतला. ते दुखणं माझ्या डोक्यावर द्या!"

"दुखणं माझ्याकडं राहू दे," महाराज म्हणाले. "तू आधी गाढवावरचा संसार उतरव."

गिरजा नको नको म्हणत असताना कारभाऱ्यांनी तिची मडकी उघड्या डोक्यावरून तिच्या घरी नेली. शेवटचं मडकं ठेवून ते ठकीपुढं वाकले आणि त्यांनी तिच्या पायांवर डोकं टेकलं. पोर आधी घाबरली. मग त्यांच्या टकलावर अलगद हात ठेवून म्हणाली, "आजोबा, तुम्हालापण खाजतं का?"

गुणाजीराव मान वर न करता ढसाढसा रडत राहिले.