अपुरा काठ

फार मागे, डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी घोंगड्या विणणारा एक विणकर राहत होता. हात इतका साफ, की त्याच्या घोंगडीतून आत शिरायला पावसाचा थेंबही कचरत असे.

थंडीभर त्याला मान वर करायला सवड नसे. पण माघ सरला, पळसाच्या काळ्या कळ्या फुगल्या, की घोंगडी मागायला कुणी फिरकत नसे. मग तो कोपऱ्यातल्या जुन्या मागावर बसे. त्या मागावर त्याच्या हौसेची एक घोंगडी होती. बाकी सगळी विणून झाली होती, राहिला होता तो शेवटचा काठ. त्यात त्याला पांढऱ्या लोकरीने डोंगर, पळस आणि चरणाऱ्या मेंढ्या काढायच्या होत्या.

ती लोकर दिली होती त्याच्या लहानपणच्या सोबत्याने, एका मेंढपाळाने. कळपातल्या सगळ्यांत पांढऱ्या मेंढीची होती ती. काठ झाला की घोंगडी तुझीच, असं विणकराने त्याला कबूल केलं होतं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

दर वसंताच्या तोंडाशी मेंढपाळ दारात येऊन विचारी, आणि दर वेळी विणकर सांगे, काठ अजून मनासारखा उतरला नाही. खोटं नव्हतं ते. कधी मेंढ्यांचे पाय आखूड पडत, कधी डोंगरच पोक काढून बसे. दिवसभर विणायचं आणि दिवेलागणीला उसवायचं, असं चाले. मेंढपाळ ही घोंगडी पांघरून जत्रेतून चालला आहे, लोक थांबून बघताहेत, कुणी विणली म्हणून विचारताहेत, हे विणकराला मागावर बसल्या बसल्या दिसे. खरं सांगायचं तर त्या चित्रात मेंढपाळाचं तोंड त्याला कधी दिसलंच नाही.

मग एका वर्षी हवेने दगा दिला. थंडी गेली असं समजून लोकांनी पांघरुणं धुऊन वाळत घातली होती, मेंढ्या कातरून झाल्या होत्या. आणि भर दुपारी आभाळ काळवंडलं, उत्तरेचं वारं सुटलं, गारांचा मारा सुरू झाला. पळसाची सगळी फुलं चिखलात गेली.

सांजेला मेंढपाळ दारात उभा राहिला. अंग चिंब भिजलेलं, दातावर दात वाजत होते. अंगावरच्या घोंगडीची झिजून जाळी झाली होती. नुकत्या कातरलेल्या मेंढ्या उघड्या माळावर होत्या, त्यामुळे परत जाणं त्याला भाग होतं.

"गड्या, आज दे ती," तो म्हणाला. "हाय तशी दे. गारठा सरला की आणून देतो, मग कर तुझा काठ."

विकायच्या घोंगड्या थंडीतच संपल्या होत्या. घरातली पांघरुणं अंगणात गारांखाली भिजली होती. कोरडी अशी तेवढी एकच होती. विणकराने मागाकडे पाहिलं. तिसरी मेंढी अर्ध्यावर आली होती, आणि या वेळी पाय नीट उतरत होते.

"आता मागावरून कापली तर काठ गेला रं," तो म्हणाला. "थोडं थांब की."

"द्या तशीच," आतून बायको म्हणाली. "थंडीला काठ दिसत न्हाई."

विणकराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चुलीपाशी शेकायला बस म्हणाला, भाकरी पुढे केली. मेंढपाळ बसला नाही. रागावलाही नाही. नुसतं "बरं" म्हणाला आणि गारांतून माळाकडे चालू लागला.

सकाळी काही झालंच नाही असं ऊन पडलं. मेंढपाळ कळपाच्या मधोमध सापडला, लाकडासारखा ताठ. अंगावरची फाटकी घोंगडी त्याने एका नव्या कोकरावर घातली होती. कोकरू जिवंत होतं.

विणकर धावत घरी गेला, मागावरची घोंगडी कापली आणि नेऊन सोबत्याच्या अंगावर घातली. एका बाजूने दोरे लोंबत होते, तिसऱ्या मेंढीला तोंड नव्हतं. सगळं गाव तिथे जमलं होतं, पण काठाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. फक्त म्हातारी पांढरी मेंढी पुढे आली, आपलीच लोकर हुंगत राहिली आणि काही केल्या हलेना.

पुढेही वसंत येत राहिले, पळस फुलत राहिला. जुना माग रिकामाच राहिला. एकदा विणकराने न राहवून त्या मागाचा धोटा हातात घेतला आणि नवं चित्र सुचावं म्हणून डोळे मिटले. या वेळी त्याला मेंढपाळाचं तोंड अगदी स्पष्ट दिसलं, दारात उभं असलेलं. त्याने धोटा खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

तात्पर्य: ज्याच्यासाठी करायचं, त्यालाच गरजेच्या वेळी जे देववत नाही, ते कितीही देखणं झालं तरी वायाच जातं.