बाईसाहेबांच्या गालातला बदाम

“ज्या नाताळला मी बदाम हरेन, त्या नाताळला तू मोकळी! तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही!” विबेकेबाईंनी ठणकावून सांगितलं आणि मारेनचं तोंड एवढंसं झालं.

ही अट म्हणजे चक्क नकारच होता. विबेकेबाई डेन्मार्कातल्या बड्या जमीनदारीण. हवेलीच्या मनोऱ्यावरून दिसतील ती शेतं त्यांची, आणि वर राजाच्या सख्ख्या मामेबहीण! ही मामेबहीण त्या कुणाला क्षणभर विसरू देत नसत. आज थंडी आहे म्हणावं, तर त्या राजमातेच्या शालीपासून सुरुवात करायच्या. मारेन त्यांच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिच्या हातच्या खिरीपायी बाई तिला सोडायला तयार नव्हत्या. खाडीपलीकडचा टोर्बेन नावाडी बिचारा वाट पाहत होता. पण तो तरी किती थांबणार? मारेनच्या जिवाला घोर लागला होता.

बदामाची रीत अशी. नाताळच्या संध्याकाळी धनीण आणि नोकर एकाच टेबलाशी बसत. तांदळाच्या घट्ट खिरीत एकच सोललेला बदाम घालत. ज्याला तो मिळेल त्यानं गालात लपवायचा आणि सगळ्यांच्या वाट्या रिकाम्या होईपर्यंत ताकास तूर लागू द्यायची नाही. त्याआधी बदाम दिसला, की हरला! आता खीर वाढायच्या स्वतः बाई, आणि बदाम दरवर्षी निघायचा बाईंच्याच वाटीत. नशीब एकेकाचं, दुसरं काय!

त्या नाताळलाही बाईंचा डावा गाल किंचित फुगला. मारेननं ते पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

एकेक वाटी रिकामी झाली. राहिली फक्त मारेनची, तीही शेवटच्या घासापुरती.

“आटप की पोरी!” म्हातारा मोगेन्स म्हणाला. तो बाईंचा गाडीवान.

“गरम आहे हो काका.”

खीर केव्हाच गार झाली होती. बाईंनी डोळे वटारले. पण बोलायची सोय कुठं होती!

“काका,” मारेन भोळेपणानं म्हणाली, “आपल्या बाईसाहेबांचे वडील राजमातेचे कोण हो? गाडीवान ना?”

मोगेन्सला ठसका लागला. बाईंच्या नाकातून “हुं!” असा आवाज आला.

“गाडीवान नाही? मग माळी असतील. राजमातेला रोज कोबी नेऊन द्यायचे, म्हणून त्या त्यांना लाडानं भाऊ म्हणायच्या...”

“कोबी?” बाई कडाडल्या. “सख्खे भाऊ! राजमातेचे सख्खे भाऊ होते माझे वडील!”

‘सख्खे’ म्हणता म्हणताच बदाम सुटला, समईएवढ्या मेणबत्तीवर आपटला आणि टुणकन मारेनच्या वाटीत जाऊन पडला.

मारेननं शांतपणे बदाम बाजूला केला आणि शेवटचा घास खाल्ला.

“ही वाटी आत्ता रिकामी झाली, बाईसाहेब!”

“लबाडे! मुद्दाम चुकलीस तू! माझं घराणं तुला ठाऊक नाही?”

“तोंडपाठ आहे की! रोज ऐकते ना. म्हणून तर नेमकं कुठं चुकायचं ते कळलं!”

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांचे ओठ थरथरले, खांदे हलले आणि त्या अशा खदखदून हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. मोगेन्सनंही इतका वेळ दाबलेलं हसू सोडून दिलं.

“जा! उद्याच जा टोर्बेनकडे! माझी बर्फावरची घसरगाडी घेऊन जा, मोगेन्स पोचवेल. आणि ही खिरीची तांब्याची कढई माझ्याकडून आहेर! पण दर नाताळला खीर करायला यायचं हं, सांगून ठेवते!”

“येईन की बाईसाहेब,” मारेन कढई छातीशी धरत म्हणाली. “पण वाढणार मी!”